बिगक्वेरी: जुनी एसक्यूएल की नवी?

बिगक्वेरी या गूगलच्या डेटा साठवून तपासण्याच्या सेवेवरच्या, लेगसी एसक्यूएल या एसक्यूएलच्या (डेटाला प्रश्न विचारण्याच्या भाषेच्या) जुन्या बोलीतल्या क्वेरी, म्हणजे असे लिहिलेले प्रश्न, आहेत तशाच चालवायच्या की गूगलएसक्यूएल या नव्या बोलीत नव्याने लिहायच्या, हा प्रश्न हिंजवडीतल्या आमच्या चमूला आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

जुन्या बोलीच्या बाजूने एकच मुद्दा आहे: चालू रिपोर्टला हात लावावा लागत नाही. मात्र तिच्यातले वेगवेगळी मूल्ये मोजणारे ‘काउंट डिस्टिंक्ट’ हे फंक्शन 1000 पेक्षा अधिक वेगळी मूल्ये असली की अंदाजे आकडा देते, तर नवीत तेच फंक्शन नेमकी मोजणी करते. त्यामुळे बदलानंतर ग्राहकसंख्या थोडी हलली तर ती चूक नव्हे, हे हिशेब विभागाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

खरा धोका स्वल्पविरामात आहे. ‘फ्रॉम’नंतर दोन टेबलांमध्ये घातलेला स्वल्पविराम जुन्या बोलीत टेबले एकाखाली एक जोडतो, तर नवीत एका टेबलातल्या प्रत्येक ओळीची दुसऱ्यातल्या प्रत्येक ओळीशी जोडी लावतो; त्यामुळे हजार-हजार ओळींच्या टेबलांतून दोन हजारांऐवजी दहा लाख ओळी पदरात पडतात. टेबलांच्या नावांभोवतीच्या चौकटी कंसांच्या जागी बॅकटिक (`) हे चिन्ह घालणे हे त्यामानाने किरकोळ काम.

माझा कौल नवीलाच आहे. मात्र दैनिक रिपोर्ट महिनाभर दोन्ही बोलींत चालवून आकडे ताडल्याशिवाय जुनी क्वेरी पुसू नये.