एकच संध्याकाळ मोकळी आहे: पहिला भाग लावावा की दुसरा?

आधीच सांगून टाकतो. विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीस तोड उतरल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, आणि त्यातलं माझ्या मते सगळ्यांत खणखणीत ‘लगे रहो मुन्नाभाई’ आहे. म्हणून बाकीचे दुसरे भाग टाकाऊ ठरत नाहीत. काही एकदा बघण्याजोगे आहेत, एखादा मधला तासभर बघण्याजोगा आहे, एखादा फक्त पोरांना घेऊन बसण्यासारखा आहे. घरात सगळ्यांनी मिळून बसायचं, हसायचं आणि त्यासाठी एकच चित्रपट निवडायचा, अशी वेळ येते तेव्हा उपयोग व्हावा म्हणून आपल्या ओळखीच्या काही जोड्या शेजारी शेजारी ठेवून बघतोय.

माझी कसोटी साधी आहे. पात्रं कुठल्या अडचणीत सापडली आहेत आणि ती अडचण किती घट्ट आवळलेली आहे? ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आठवा. खोली मिळत नाही म्हणून दोन बाप्यांना साड्या नेसून कुणाच्या तरी बायका व्हावं लागतं. बिंग फुटलं की सगळे रस्त्यावर. एवढ्या एका पेचावर अख्खा चित्रपट पळतो आणि पेच सुटला की थांबतो. आता दुसऱ्या भागाची पंचाईत बघा. पात्रं लोकांना आवडलेली आहेत, नटही तयार आहेत, पण त्यांना अडवून धरणारं काही उरलेलंच नाही. सगळं सुरळीत झालेली माणसं घेऊन हसवायचं कसं? ‘बनवाबनवी’च्या वाटेला कुणी ‘भाग दोन’ म्हणून गेलं नाही, हे मला आपलं नशीब वाटतं.

सगळ्यांत जास्त वाद ज्या जोडीवरून होतात, ती ‘हेरा फेरी’ (२०००) आणि ‘फिर हेरा फेरी’ (२००६). पंचविशीतल्या पोरांना विचाराल तर त्यांना दुसराच जास्त पाठ असतो. एकवीस दिवसांत पैसे दुप्पट करणारी स्कीम तर फॉरवर्ड होणाऱ्या मीममधून रोज भेटते. चाळिशीच्या पुढचे लोक मात्र पहिल्याच्या बाजूनं हमरीतुमरीवर येतात.

पहिला भाग प्रियदर्शननं १९८९ च्या ‘रामजी राव स्पीकिंग’ या मल्याळम चित्रपटावरून केला. हिंदीत आणताना घरमालक मराठी झाला: बाबूराव गणपतराव आपटे. परेश रावळनं त्याला जाड भिंगांचा चष्मा चढवला, हेल दिला, आणि तो आपल्याला थेट शेजारच्या खोलीतला माणूस वाटायला लागला. पण बाबूराव हसवतो तो चष्म्यामुळे नव्हे. त्याची कडकी खरी आहे. भाडेकरू राजू भाडं देत नाही, दुसरा भाडेकरू श्याम नोकरीसाठी वणवण फिरतोय, आणि डिरेक्टरीतल्या चुकीमुळे भलत्याच शेठचा फोन यांच्या गॅरेजात वाजतो. पलीकडे मुलीला पळवून नेणारे खंडणी मागतायत. तिघांनी आकडा वाढवून पुढे सांगायचा आणि मधला फरक खिशात घालायचा. बोललं तर तुरुंग, गप्प बसलं तर पुन्हा तीच उधारी. आपण हसत असतो आणि तिघांची काळजीही करत असतो.

दुसऱ्या भागाचं दिग्दर्शन नीरज व्होरांनी केलं. पहिल्याचे संवाद त्यांचेच, त्यामुळे या तिघांची बोली त्यांच्या तोंडात बसलेली होती. सुरुवातीला तिघे बंगल्यात, पैशात लोळतायत. हा भाग नीट बघितला तर जाणवतं की थट्टा चालू आहे, पण आपल्याला कुणाची काळजी नाही. मग स्कीममध्ये पैसे बुडतात, गुंडाचं कर्ज बोकांडी बसतं, बंगला जातो आणि तिघे पुन्हा होते तिथे येतात. बरोबर तिथून चित्रपटाला वेग येतो. या माणसांना पुन्हा भिकेला लावल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, हे दिग्दर्शकाला पक्कं कळलेलं होतं. मधला पट्टा खरोखर झकास आहे, काही प्रसंगांत तर पहिल्यापेक्षाही जोरात हसवतो. शेवटी मात्र सगळा मामला सर्कशीत जातो, म्हणजे अक्षरशः सर्कशीच्या तंबूत, आणि कोण कुणाच्या मागे का पळतंय याचा हिशोब सुटतो. त्यावर कडी म्हणजे शेवटच नाही. राजू पुलावर, फोन वाजतोय, आणि पडदा बंद.

एक गोष्ट मात्र पहिल्याच्या भक्तांनीही कबूल करावी. ‘हेरा फेरी’ आपल्याला इतका चांगला वाटतो त्यात टीव्हीच्या असंख्य फेऱ्यांचा हात आहे. विनोद पाठ झाला की तो जास्त हसवतो, कारण पुढचं वाक्य आपण आधीच म्हणून टाकलेलं असतं. वीस वेळा बघितलेल्या चित्रपटाशी एकदाच बघितलेल्याची स्पर्धा लावणं अन्यायाचंच आहे. एवढी सूट देऊनही एकच संध्याकाळ असेल तर पहिला लावा. दोन संध्याकाळी असतील तर दुसराही लावा आणि सर्कस आली की चहा टाकायला उठा.

आता ‘मुन्नाभाई’. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ डिसेंबर २००३ मध्ये आला, ‘लगे रहो’ सप्टेंबर २००६ मध्ये. दोन्हींचा दिग्दर्शक राजकुमार हिरानी, मुन्ना संजय दत्त, सर्किट अर्शद वारसी. हिरानीनं दुसऱ्या वेळी जे केलं ते करायला छाती लागते: पहिली गोष्ट सरळ सोडून दिली. पहिल्याच्या शेवटी मुन्नाचं डॉक्टर सुमनशी जुळतं; दुसऱ्यात तिचं नावही निघत नाही. मेडिकल कॉलेज गायब. बोमन इराणी पहिल्यात खडूस डीन होता, दुसऱ्यात चक्क वेगळा माणूस आहे, लकी सिंग नावाचा जागा बळकावणारा बिल्डर. ‘मागच्या वेळी काय झालं होतं’ हे सांगण्यात एक मिनिट घालवलेला नाही. हातात ठेवलं ते फक्त दोन मित्रांचं नातं आणि त्यांची टपोरी बोली.

आणि अडचण? ती पहिल्यापेक्षा घट्ट आहे. पहिल्यात बापाचा झालेला अपमान धुऊन काढायला गुंड डॉक्टर व्हायला निघतो आणि जिथे तिथे नियम मोडत सुटतो. दुसऱ्यात रेडिओवरच्या जान्हवीला भुलवायला तो इतिहासाचा प्रोफेसर असल्याची थाप मारतो, लायब्ररीत बसून गांधी वाचतो, आणि गांधीजी त्याला दिसायलाच लागतात. आता दादागिरीवर पोट असलेल्या माणसानं खरं बोलायचं आणि हात उगारायचा नाही. एका गालावर थप्पड बसते, मुन्ना दुसरा गाल पुढे करतो, त्यावरही बसते. यापुढे काय करायचं ते बापूंनी सांगितलेलं नाही म्हणून तो त्या रखवालदाराला आडवा करतो. सगळा चित्रपट त्या एका प्रसंगात आहे. तिथे गांधीजींवर कुणी हसत नाही, त्यांच्या मागे चालताना मुन्नाची होणारी ओढाताण हसवते.

ते गांधीजी आपल्या दिलीप प्रभावळकरांनी केले आणि त्या वर्षीचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. पहिल्या भागात बापाच्या भूमिकेत सुनील दत्त होते. २००५ मध्ये ते गेले. दुसऱ्याला ती पोकळी होती, आणि हिरानीनं तिथे दुसरा बाप आणून बसवला नाही, बापू आणले. ही जोडी निवडताना कोणताही आधी लावा. दुसरा कळायला पहिला पाहिलेला असण्याची गरजच नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर मी ‘लगे रहो’ लावेन. त्यातलं निवृत्त मंडळींचं बळकावलेलं घर हा विषय त्यांना लगेच भिडतो. रडायचीही तयारी असेल तर पहिला.

मराठीतली सगळ्यांत गाजलेली जोडी ‘नवरा माझा नवसाचा’. सचिन पिळगांवकरांचा पहिला भाग २००४ चा, दुसरा थेट २० वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये. पहिला मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेल्या एसटीत घडतो. वक्रतुंड ऊर्फ वॅकीच्या नावानं बोललेला नवस असा की तो फेडायला जाताना अंगावर कपडे नकोत. बायको भक्ती हटून बसलेली, नवरा घामाघूम, आणि गाडीत तऱ्हेतऱ्हेची माणसं. या सगळ्यांवर राज्य करणारा कंडक्टर म्हणजे अशोक सराफ.

दुसऱ्यात एसटीच्या जागी कोकण रेल्वे आणि कंडक्टरच्या जागी टीसी, तेही अशोक सराफच. जोडीला लेक-जावई, म्हणजे हेमल इंगळे आणि स्वप्नील जोशी. कागदावर हा बदल छोटा वाटतो, पण पडद्यावर फार मोठा आहे. एसटी ही एक खोली असते. मागच्या सीटवर कुजबुजलं तरी पुढच्याला कळतं, घाटात कुणाला उलटी झाली तरी ती सगळ्यांची होते. कंडक्टर शेवटपर्यंत त्याच खोलीत असतो आणि त्यानं घंटी मारली तर गाडी थांबते. टीसी तिकीट बघतो आणि पुढच्या डब्यात जातो. अशोक सराफांचं टायमिंग दुसऱ्यातही धारदार आहे, पण त्यांना गाडीभर सत्ता चालवायला मिळत नाही. शिवाय रेल्वे गणपतीपुळ्याला जातच नाही, रत्नागिरीला उतरून पुढे रस्त्यानंच जावं लागतं. कोकणी प्रेक्षक हे मनात म्हटल्याशिवाय राहत नाही.

दुसऱ्यातलं हसू बरंचसं ओळखीचं आहे. जुनं माणूस आलं की हसायचं, जुन्या प्रसंगाची आठवण निघाली की हसायचं. थिएटरमध्ये, भरल्या खुर्च्यांत ते फार छान लागू पडतं, आणि गणपती नुकतेच आटोपलेले असताना घरची घरं एकत्र गेली यात नवल नाही. घरच्या सोफ्यावर ते पातळ होतं. तेव्हा पहिला नि:शंक. दुसरा बघायचाच असेल तर पहिल्याच्या लागोपाठ बघू नका, दोन्हींत काही महिने जाऊ द्या.

‘दे धक्का’चं थोडक्यात सांगतो. २००८ मध्ये अख्खं जाधव कुटुंब खटारा गाडीतून कोल्हापूरहून मुंबईला निघालं होतं, पोरीच्या नाचाच्या स्पर्धेसाठी. गाडी बंद पडायची, सगळ्यांनी उतरून ढकलायची. नावातच सगळं होतं. २०२२ च्या दुसऱ्या भागात तीच मंडळी लंडनला जातात. मकरंद अनासपुरे, शिवाजी साटम, सिद्धार्थ जाधव सगळे आहेत, फक्त ढकलायला काही नाही. पहिलाच बघा.

‘मुंबई-पुणे-मुंबई’ जरा वेगळं प्रकरण. २०१० मध्ये दोन माणसं, एक दिवस, आणि एकमेकांचं नावही माहीत नाही. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे नुसतं बोलून खिळवून ठेवतात. २०१५ च्या भागात गौतम आणि गौरी अशी नावं आली, मागोमाग दोन्हीकडचे नातेवाईक आले, आणि पुणेरी-मुंबईकर जुगलबंदीची जागा लग्नघराच्या गडबडीनं घेतली. लग्नाळू मुलं-मुली घरात असतील तर दुसरा चालेल, त्यातला लग्नाआधीचा ‘आपण घाई तर करत नाही ना’ हा घोळ खरा आहे. ‘झिम्मा’चे दोन्ही भाग मैत्रिणींच्या कंपूला लावायचे, तिथे गप्पाच इतक्या होतात की कोणता भाग चालू आहे याने फार फरक पडत नाही.

राहिला ‘झपाटलेला’. १९९३ चा महेश कोठारेंचा पहिला भाग बघताना मजा कशाची होती? बाहुला जिवंत आहे हे आपल्याला ठाऊक, लक्ष्याला ठाऊक, आणि बाकी कुणीही त्याचं ऐकून घेत नाही. लक्ष्मीकांत बेर्डेंच्या चेहऱ्यावरची ती भीती पाहून एकाच वेळी हसू यायचं आणि दचकायलाही व्हायचं. रामदास पाध्यांचा बाहुला आणि प्रभावळकरांचा आवाज यांनी तात्या विंचू उभा केला, पण चित्रपट पेलला तो लक्ष्यानं. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला तेव्हा बेर्डेंना जाऊन आठ वर्षं उलटली होती. गोष्ट लक्ष्याच्या मुलाची, भूमिका आदिनाथ कोठारेची. तात्या विंचू तोच, ‘ओम फट स्वाहा’ही तेच, पण नायक देखणा आणि धीट आहे, आणि धीट माणसाला बाहुल्यानं घाबरवण्यात गंमत उरत नाही. थ्रीडीसाठी अंगावर येणाऱ्या वस्तू घरच्या टीव्हीवर नुसत्याच कॅमेऱ्याकडे येतात.

तरी घरात दहा-बारा वर्षांची पोरं असतील तर हा एक दुसरा भाग मी आधी लावेन. त्यांना बेर्डेंची आठवण नाही, त्यामुळे उणीव जाणवत नाही. वेग आहे, रंग आहे आणि भीती बेताची आहे. पहिला त्यानंतरच्या सुट्टीत लावा.