पालकांना मदत करणारा स्पीकर : सल्ला चांगला, नोंद घेण्याची जागा चुकीची

लहान मुलांच्या पालकांना स्मार्ट स्पीकरवरून मार्गदर्शन करण्याच्या एका अभ्यासात आम्ही बारा आठवडे सहभागी होतो. संस्थेचे नाव येथे देत नाही. मुलगा साडेचार वर्षांचा, घरात आम्ही दोघे आणि सासूबाई, आणि स्पीकर हॉलमध्ये टीव्हीशेजारी. 'आता दात घासायचे' हे माझ्याऐवजी तो सांगू लागल्यावर झोपण्याच्या वेळची निम्मी भांडणे मिटली, हे मी मोकळेपणाने मान्य करते. स्पीकरला मराठी येत नव्हते, त्यामुळे हिंदीवर भागवावे लागले.

लिहायचे आहे ते प्रतिकूल घटनांच्या, म्हणजे सहभागाच्या काळात झालेल्या त्रासाच्या, नोंदीबद्दल. दर रविवारी रात्री नऊ वाजता स्पीकर विचारत असे की या आठवड्यात तुम्हाला किंवा मुलाला काही त्रास झाला का, आणि उत्तर 'हाँ' किंवा 'नहीं' असे मोठ्याने द्यायचे. तिसऱ्या आठवड्यात झोपण्याच्या वेळेचा गजर ऐकून मुलगा ओल्या पायांनी न्हाणीघरातून धावत आला, घसरला आणि हनुवटीला दोन टाके पडले. हे सांगताना मला काहीच संकोच वाटला नाही. सहाव्या आठवड्यात मात्र, स्पीकर मला शांत राहण्याची आठवण करून देत असतानाच माझा तोल गेला आणि मी मुलाच्या पाठीत धपाटा घातला. त्या रविवारी सासूबाई समोर शेंगा सोलत बसल्या होत्या, मुलगा माझ्या मांडीवर होता, आणि मी 'नहीं' म्हणाले.

पालकत्वाच्या अभ्यासात ज्या घटना खरोखर टिपायला हव्यात, त्यांतल्या बऱ्याच अशाच असतात : आईवर वाढलेले दडपण, नवराबायकोतला वाद, मुलाची उडालेली झोप, उगारलेला हात. त्या घरातल्या सगळ्यांच्या कानांवर पडतील अशा जागी विचारल्या, तर जिच्या घरी मारहाण होते ती बाई कधीच 'हाँ' म्हणणार नाही, आणि अहवालात तिचे घर निर्धोक म्हणून नोंदले जाईल.

दर मंगळवारी येणारा समन्वयक ताईंचा फोन ही या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट होती. टाक्यांचा विषय निघाला तेव्हा यजमान म्हणाले, 'पोरगं पडलं, त्यात स्पीकरचा काय दोष?' त्यावर ताईंनी शांतपणे समजावले की प्रतिकूल घटना नोंदवण्यासाठी कारण सिद्ध व्हावे लागत नाही. सहभागाच्या काळात त्रास झाला एवढे पुरते, आणि संबंध आहे की नाही हे पुढे तपासले जाते. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती किंवा कायमचे अपंगत्व असे काही घडले तर घटना गंभीर ठरते. आमची तशी नव्हती, तरीही ती लिहिली गेली. नवीन औषधांच्या चाचण्यांत गंभीर घटना २४ तासांत कळवण्याचे बंधन २०१९ च्या नियमांनी घातले आहे. घराघरांत बोलणाऱ्या यंत्रांच्या अभ्यासांनीही तेवढीच तत्परता दाखवावी, असे मला वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत अलेक्साने दहा वर्षांच्या मुलीला अर्धवट खोचलेल्या चार्जरच्या उघड्या पिनांना नाणे लावायला सांगितले होते. आई जवळ होती, इजा झाली नाही आणि अॅमेझॉनने ती चूक दुरुस्त केली. पण आईने जाहीरपणे सांगितले नसते तर ती कळली तरी कशी असती?

मार्गदर्शनासाठी मी हा स्पीकर इतर आयांना निःशंकपणे सुचवेन. त्रासाची विचारणा मात्र फोनवर, आई एकटी असेल अशा वेळी व्हायला हवी, आणि ताईंचा थेट क्रमांक संमतिपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत न राहता पहिल्या पानावर यायला हवा.

शेवटच्या भेटीत मी ताईंना त्या धपाट्याबद्दल सांगितले. त्यांनी फाईल उघडून सहाव्या आठवड्याच्या 'नाही'वर, खालचे अक्षर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारली, शेजारी 'होय' लिहिले आणि तारीख घालून सही केली; मग पेन बाजूला ठेवून विचारले, 'आणि तुम्ही कशा आहात आता?'