मालवाहतुकीचा महामार्ग: बीओटी की हॅम?

बीओटी (टोल), म्हणजे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीत कंत्राटदार स्वतः पैसा उभारतो, रस्ता बांधतो आणि वीसेक वर्षे टोल घेऊन वसुली करतो. ट्रक अंदाजापेक्षा कमी आले की कर्ज थकते आणि दुरुस्ती रखडते. 2012 नंतर असे अनेक प्रकल्प अडकले. समांतर मोफत रस्ता असेल तर धोका आणखी वाढतो.

म्हणून 2016 मध्ये हॅम (हायब्रिड अॅन्युइटी मॉडेल, म्हणजे सरकार आणि कंत्राटदार दोघांचा पैसा असलेली पद्धत) आले. बांधकामाचा 40 टक्के खर्च सरकार कामाच्या टप्प्यांनुसार देते; उरलेले 60 टक्के कंत्राटदार उभारतो आणि सरकार ते 15 वर्षांत, सहामाही हप्त्यांनी, व्याजासह फेडते. टोल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे जातो, त्यामुळे वाहतुकीची जोखीमही त्याचीच. अडचण व्याजाची: ते आधी रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’ या दराशी जोडलेले होते. तो दर झपाट्याने उतरला, कंत्राटदारांची कर्जे मात्र तितकी स्वस्त झाली नाहीत. म्हणून 2020 मध्ये नव्या करारांसाठी बँकांच्या एमसीएलआरचा (बँका स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरवतात त्या किमान कर्जदराचा) आधार घेतला.

बंदराकडे जाणाऱ्या, ट्रकांची खात्रीशीर वर्दळ असलेल्या मार्गावर बीओटीच घ्यावी. सरकारचा पैसा मोकळा राहतो. नव्या, अंदाज न येणाऱ्या मार्गावर हॅम. दोन्हींत काम सुरू करण्याची तारीख मात्र किमान 80 टक्के जमीन ताब्यात आल्याशिवाय देऊच नये.