फलाटावरून थेट रानात : लेवांतो ते मोंतेरोस्सो

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरील लेवांतो या गावी गाडीतून उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत माणूस पाइनच्या सावलीत चालू लागतो, आणि केवळ एवढ्यासाठी हा प्रवास मी बडोद्यातल्या माझ्या परिचितांना आवर्जून सुचवीत आहे. गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझी धाकटी बहीण, दोघीही साठी ओलांडलेल्या, आठ दिवस तेथे राहिलो. मोटार भाड्याने घेतली नाही, वाटाड्या घेतला नाही. जेनोवा ते ला स्पेत्सिया या लोहमार्गावरील स्थानिक गाड्या आणि डोंगरातील पायवाटा यांच्याच भरवशावर हिंडलो, आणि हा अभिप्राय त्या गाड्यांविषयी व त्या वाटांविषयीच आहे.

हा लोहमार्ग १८७४ साली पुरा झाला. लेवांतोच्या पुढे मोंतेरोस्सोपासून चिंक्वे तेर्रे, म्हणजे किनाऱ्यावरील ‘पाच गावे’, सुरू होतात. डोंगर थेट समुद्रात उतरत असल्यामुळे या पाच गावांमधला रेल्वेप्रवास बहुतांशी बोगद्यांतून होतो. या टप्प्यातील स्थानिक गाड्यांत जागा राखून ठेवावी लागत नाही आणि हंगामात त्या इतक्या वरचेवर असतात की एक चुकली तरी फारसे बिघडत नाही. मात्र कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तो नसल्यास दंड होतो, आणि आपल्याकडे अशी पद्धत नसल्यामुळे हे विसरायला होते. दहानंतर डब्यांत उभे राहण्यापुरतीही जागा मिळणे कठीण होते, म्हणून आम्ही रोज आठच्या आत निघत असू.

लेवांतोहून मोंतेरोस्सोकडे निघणारी वाट जुन्या किल्ल्याच्या भिंतीजवळून पायऱ्यांनी चढते, ऑलिव्हच्या बागांच्या कडेने जाते आणि मग रानात शिरते. दगडांवर व झाडांच्या बुंध्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा रंगवलेल्या आहेत आणि त्या इतक्या नेमक्या जागी आहेत की वाट चुकण्याची भीती कोठेही वाटली नाही. या टप्प्याला शुल्क नाही. पुढे मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा आणि वेर्नात्सा ते कोर्नील्या या वाटांना आहे.

मी तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, त्यामुळे या रानाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला भाग आहे. भूमध्य सागराच्या काठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्या पावागडचा साग कोरड्या दिवसांत पाने गाळून मोकळा होतो. तेथील सदाहरित ओक मात्र पाने टिकवून धरतो आणि त्यासाठी ती लहान, जाड, चामड्यासारखी चिवट ठेवतो. पानाच्या खालच्या अंगाला करडी लव असते, तिने बाष्प अडते. ज्या पानाची आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल ते सांगता येणार नाही, ते पान तेथे प्रथमच बोटांनी चाचपून पाहिले आणि बराच वेळ जागची हलले नाही. पुढे आर्बुटसची झुडपे लागली. त्याचे फळ पिकायला वर्ष लागते, म्हणून ऑक्टोबरात एकाच फांदीवर यंदाची पांढरी, घंटेसारखी फुले आणि गेल्या वर्षीच्या फुलांची लाल फळे शेजारी शेजारी दिसतात. रोझमेरीला चालताना पदर लागला तरी वास सुटतो. किनारी पाइनची बरीच झाडे मात्र उभ्याउभ्या वाळलेली होती. लिगुरियात या जातीचे खवले किडीने मोठे नुकसान केले आहे, आणि ते पाहताना मन खिन्न झाले.

वाटेवरील पुंता मेस्को या भूशिराची उंची तीनशे मीटरांहून थोडी अधिक आहे. तेथे संत अंतोनियोच्या मठाचे भग्न अवशेष आहेत आणि तेथून पाचही गावे एका ओळीत दिसतात. त्यानंतर मोंतेरोस्सोकडे उतरणारा जिना मात्र उभा आणि ओबडधोबड आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी काठीशिवाय तेथे जाऊ नये, किंवा मोंतेरोस्सोहून चढून लेवांतोला उतरावे. तो उतार सौम्य आहे. सुमारे आठ किलोमीटरांच्या या वाटेला लोक तीन तास देतात. आम्हाला थांबत थांबत साडेचार लागले. परतीची गाडी त्याच डोंगराच्या पोटातून पाच मिनिटांत लेवांतोला पोहोचली.

दुसरी चाल कामोली स्थानकापासून सान फ्रुत्तुओझोपर्यंतची. या मठापर्यंत मोटाररस्ता नाही. पायी जावे किंवा बोटीने. येथे पोर्तोफिनोच्या डोंगराची उत्तरेकडची बाजू ओलसर असून तिच्यावर चेस्टनटचे दाट वन आहे, तर दक्षिणेकडे उतरू लागताच पुन्हा कोरडी, सुगंधी झुडपे लागतात. एका डोंगराच्या दोन अंगांना दोन निराळी राने इतकी स्पष्ट मी अन्यत्र पाहिलेली नाहीत. बोटीने परतण्याचा बेत होता, पण दुपारी समुद्र खवळला आणि फेऱ्या बंद झाल्या, त्यामुळे पुन्हा डोंगर चढून यावे लागले. दिवसाउजेडी परतता येईल एवढा वेळ हाताशी ठेवूनच तेथे जावे.

तक्रार आहे ती राहण्याच्या व्यवस्थेची. ज्या मध्यस्थाकडून आम्ही खोली ठरवली, त्याने ती स्थानकापासून पाच मिनिटांवर असल्याचे सांगितले होते. त्या पाच मिनिटांत दीडशेहून अधिक दगडी पायऱ्या आहेत, हे सांगितले नाही. सामान वाहताना बहिणीची पाठ धरली आणि एक दिवस वाया गेला. या किनाऱ्यावर खोली घेताना अंतर विचारू नये, पायऱ्या विचाराव्यात.

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. हरभऱ्याचे पीठ, पाणी आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यांचीच फारिनाता भट्टीत भाजतात. ती खाताना आम्हा दोघींना आईच्या हातच्या बेसनाच्या धिरड्यांची आठवण झाली, आणि पुढचे सहा दिवस दुपारचा डबा म्हणून आम्ही तीच बांधून नेली. सान फ्रुत्तुओझोच्या त्या अनपेक्षित परतीच्या चढावर तिचाच आधार झाला.