केंद्रीय विद्यालयाची 'कोट्यातली सीट': 1,63,500 रुपये गेले, मुलांचे मूळ दाखलेही गेले

मुंबईला बदली होऊन येणाऱ्यांनो, घराचा ब्रोकर 'शाळेचंही करून देणारा माणूस आहे सर आपल्याकडे' असं म्हणाला, की तिथेच विषय बंद करा. मला 1,63,500 रुपयांना गंडवलंय. 11,000 'टोकन', 60,000 'खासदार साहेबांच्या पत्राचे', 85,000 'सीट कन्फर्मेशन'चे आणि वर 7,500 गणवेश-पुस्तकांचे. गणवेशाचेसुद्धा घेतले त्या हरामखोराने. मापं लिहून घेतली मुलांची!

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. आधी थोडे, मग 'आज संध्याकाळपर्यंत नाही केलं तर सीट जाईल', मग फोन उचलणं बंद.

कंपनीने मे महिन्यात ऑर्डर हातात दिली, 1 जूनला मुंबईत हजर. आम्ही अकोल्याचे. मुलगी पाचवीत जाणार, मुलगा दुसरीत. आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे तिकडे सगळे निवांत. इकडे फोन करावा त्या शाळेत 'सीट फुल'. चेंबूरचं घर मात्र नीट मिळालं. डिपॉझिट, करार, अंगठे, सगळं रीतसर. त्याच ब्रोकरने हा माणूस पाठवला, म्हणून विश्वास बसला. कोणाचाही बसला असता.

त्याचं म्हणणं असं, की लॉटरी-बिटरी सामान्यांसाठी, खासदार कोट्यातल्या दोन जागा शिल्लक आहेत. आता ऐका. प्रत्येक खासदाराला वर्षाला 10 शिफारशी करता यायच्या, हे खरं. पण तो कोटा 2022 मध्येच बंद झालाय. दुसरीपासून वरच्या वर्गांत जागा रिकामी असेल तरच प्रवेश, त्याचा अर्ज शाळेतच द्यायचा, मध्ये कोणी नाही. प्रवेश शुल्क 25 रुपये. पंचवीस! विकास निधी महिन्याला 500. आणि मी तिथे दीड लाखाच्या वर मोजत होतो. तुम्ही म्हणाल वेबसाइट बघायची. अहो, 2022 मध्ये आमचा केंद्रीय विद्यालयाशी काडीचा संबंध नव्हता, ती बातमी मी कशाला लक्षात ठेवू?

पण एक क्षण आहे, तो मला झोपू देत नाही. साठ हजारांचा.

अकोल्याच्या घराखाली पॅकर्सचा टेम्पो उभा, हमाल कपाट जिन्यात तिरकं करून ओरडतायत, बायको विळी वर्तमानपत्रात गुंडाळतेय. त्याने क्यूआर पाठवला. मी स्कॅन केला आणि स्क्रीनवर नाव आलं, कुठल्याशा 'मोबाईल रिपेअरिंग अँड रिचार्ज'चं. खासदाराच्या पत्राचे पैसे मोबाईल रिपेअरिंगवाल्याला! मी फोनवर विचारलं त्याला. विचारलं, म्हणजे माझं डोकं चालत होतं. तो हसला. "सर, साहेब कधी स्वतःच्या नावावर घेतात का? तुम्ही तर शिकलेले." बायकोने मान वळवून पाहिलं, म्हणाली, "अहो, नाव बघा की." मी म्हणालो, "तू पॅकिंग कर." आणि पिन टाकला.

पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ना, ते वाचा. मोठ्याने वाचा, घरातल्यांना ऐकू जाईल असं.

मग 'पत्र' आलं. राजमुद्रा, जावक क्रमांक, सही, शिक्का. मुलाचं नाव बरोबर, मुलीच्या आडनावात एक अक्षर चुकलेलं. त्याला सांगितलं तर दहा मिनिटांत दुरुस्त पत्र पाठवलं. सरकारी पत्र, दहा मिनिटांत! शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, असा कोटाच नाही. मुलं शेजारीच उभी होती.

त्यानंतरची वरात ऐका. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रारीचा नंबर मिळाला. तोवर पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत फिरून गेले होते. होल्ड झाले 3,840 रुपये, तेही सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणे. (शंका आली की त्याच मिनिटाला 1930 लावा. मी आधी त्यालाच फोन करत बसलो.) बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. मुंबईतलं पोलीस ठाणं म्हणतं, पैसे अकोल्यातून गेले, तिकडे जा. अकोल्याचं म्हणतं, माणूस मुंबईचा, तिकडे जा. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार घ्यावीच लागते. मोबाईलवर काढून दाखवलं तर अंमलदार म्हणतात, "कायदा आम्हाला शिकवू नका." वर आणखी, "वशिल्याने सीट घ्यायला गेलात ना साहेब? मग भोगा."

हो, गेलो वशिल्याने! या शहरात डोनेशन न देता कोणाची मुलं कुठे बसली ते दाखवा मला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात डोनेशनला बंदी आहे, घेणाऱ्याला दहापटीपर्यंत दंड आहे, आणि घेणारे बिनधास्त घेतायत. त्यांना कोण विचारतं? मला विचारतात. शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलो तर म्हणे केंद्रीय विद्यालयं आमच्याकडे येत नाहीत. मग जायचं कुठे? शेवटी एका साध्या अर्जावर पोचचा शिक्का मिळाला. एफआयआर नाही, साधा अर्ज.

पैशापेक्षा मोठा घोळ दाखल्यांचा. शाळा सोडल्याचे दोन्ही मूळ दाखले त्याने 'व्हेरिफिकेशन'ला नेले. झेरॉक्स द्या, मूळ कागद कोणाच्या बापाला देऊ नका. दुय्यम दाखल्यासाठी अकोल्याच्या शाळेला प्रतिज्ञापत्र हवं आणि हरवल्याची पोलीस नोंद हवी. पोलीस म्हणतात, हरवला कुठे, तुम्हीच तर दिला! मेहुणा विचारतो, "काऊन भाऊजी, पावती तरी घेतली का?" सगळ्या लग्नकार्यात आता हेच ऐकायचं.

शेवटी घरमालकीणबाईंनी पालिकेच्या शाळेत नेलं. मुख्याध्यापिकेने दोघांना त्याच दिवशी वर्गात बसवलं. सरकारी शाळेत दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे त्यांनीच सांगितलं. वर्षाच्या मध्येही मूल आलं तरी घ्यावं लागतं. फी शून्य. हे मे महिन्यात मला एकाही माणसाने सांगितलं नाही, कारण यात कोणाला कमिशन नाही.

ब्रोकर म्हणतो, "माझा काय संबंध, मी फक्त नंबर दिला." तो नंबर अजून चालू आहे. माझा फोन उचलत नाही, पण डीपी दिसतो, गेल्या आठवड्यात बदललाय, आता गणपतीचा आहे. पोलिसांना सांगितलं तर म्हणाले, नंबर कोणाचा ते कंपनीला पत्र पाठवून विचारावं लागतं, वेळ लागतो. चेंबूर-गोवंडी-मानखुर्द भागात कोणाला खासदार कोट्यातल्या सीटसाठी फोन आला असेल तर पैसे देऊ नका, कॉल रेकॉर्ड करा आणि मला कळवा. दुसऱ्या कोणाची तक्रार सोबत असेल तर एफआयआर घेऊ, असं अंमलदार स्वतः म्हणालेत.