वाचनालयाच्या ऑनलाइन यादीत शोध कसा हवा: फॉर्म, क्वेरी बिल्डर की फिल्टर?

पुस्तकांची यादी ऑनलाइन टाकायचं ठरलं की समितीतलं कुणीतरी 'ॲडव्हान्स्ड सर्च पाहिजेच' म्हणतं. पण वापरणार कोण? स्पर्धा परीक्षेची मुलं, निवृत्त मंडळी, जुने दिवाळी अंक धुंडाळणारे सभासद. ग्रंथालयशास्त्र यांतलं कुणीच शिकलेलं नसतं.

फॉर्म सगळ्यांच्या ओळखीचा. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, प्रत्येकाला वेगळा रकाना. नेमकं पुस्तक माहीत असणाऱ्याला तो सोयीचा. अडचण अशी की समोर रकाने दिसले की माणूस सगळे भरतो. प्रत्येक रकाना निकाल आणखी गाळतो आणि एका रकान्यात एक वेलांटी चुकली की पाटी कोरी. चूक कुठल्या रकान्यात झाली, हेही बहुधा कळत नाही.

क्वेरी बिल्डर म्हणजे पबमेडसारखी (वैद्यकीय संशोधन-लेख शोधायचं संकेतस्थळ) सोय: एकेक अट जोडत जायची, मध्ये 'अँड', 'ऑर', 'नॉट'. संशोधकांना ती हवीच. सभासदाला मात्र सातारा आणि कोल्हापूर या दोन्ही जिल्ह्यांवरची पुस्तकं हवी असतात, म्हणून तो 'अँड' निवडतो आणि दोन्ही नावं असलेली मोजकीच पुस्तकं पदरात पडतात. त्याला हवं होतं 'ऑर'. पबमेडकडून उचलायचीच तर दुसरी गोष्ट उचला: साध्या चौकटीत 'हार्ट अटॅक' लिहिलं तरी ते 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' (त्याचंच वैद्यकीय नाव) हा विषयही आपणहून शोधतं.

माझं मत तिसऱ्या रचनेला. आधी एकच चौकट, मग निकालाच्या बाजूला लेखक, विषय, भाषा, उपलब्धता असे फिल्टर. इथे आठवून लिहायचं काही नाही, समोर आहे त्यातून निवडायचं. पर्यायापुढे संख्या असली तर रिकाम्या निकालाची भीतीही जाते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या 'कोहा' या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर आहेत. संख्या दाखवण्याची सेटिंग वेगळी आहे, ती चालू करून घ्या. कोहात फॉर्मही आहे, आणि त्यातले 'अँड-ऑर' 'मोअर ऑप्शन्स' दाबल्यावरच उघडतात. ही लपवाछपवी मला पटते.

फिल्टरची किंमत नोंदणीत मोजावी लागते. एकाच लेखकाचं नाव एका नोंदीत आडनावापासून आणि दुसरीत आद्याक्षरांपासून सुरू झालं, तर यादीत दोन लेखक दिसतील. विषय भरलेच नसतील तर तो फिल्टर असून नसल्यासारखा. नोंदी इतक्या विस्कळीत असतील आणि दुरुस्तीला माणूस नसेल, तर तूर्त लेखक-शीर्षक एवढ्या दोनच रकान्यांचा फॉर्म बरा.

मराठीची गोम मात्र तिन्हीकडे सारखीच. कंत्राटावर सही करण्याआधी 'हिंदी' आणि 'हिन्दी' असं दोन्ही टाइप करून बघा. मग शीर्षकातला एखादा शब्द रोमन लिपीत लिहा, कारण मोबाइलवर निम्मे लोक तसंच लिहिणार. निकाल वेगळे आले, तर ते सारखे करून देण्याचं काम विक्रेत्याकडून करारातच लिहून घ्या.