गाडीचं कोडिंग: काय उघडावं, काय तसंच राहू द्यावं

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत महागड्या आणि स्वस्त व्हेरिएंटला पुष्कळदा एकच कंट्रोल मॉड्यूल (गाडीतला छोटा संगणक) असतं. स्वस्त व्हेरिएंटमध्ये काही सोयी नुसत्या सॉफ्टवेअरमधून बंद ठेवलेल्या असतात. स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतले बिघाड वाचण्याच्या सॉकेटला, व्हीसीडीएसची केबल किंवा ओबीडीइलेव्हनचं डोंगल (दोन्ही कोडिंगची टूल्स) लावून त्या सुरू करता येतात. यालाच कोडिंग म्हणतात.

नीडल स्वीप, म्हणजे इग्निशन दिल्यावर मीटरचे काटे टोकापर्यंत जाऊन परत येणं, खुशाल करा. उपयोग काही नाही, पण दिसतं छान आणि बिघडण्यासारखंही फारसं नाही.

रिमोटने काचा उघडणं माझ्या सगळ्यात आवडीचं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीकडे चालत येतानाच अनलॉकचं बटण दाबून धरायचं. पोहोचेपर्यंत चारही काचा खाली, आतली भट्टी निवलेली. मात्र काचा रिमोटने बंद करण्याचा पर्याय लगेच घेऊ नका. काही गाड्यांत अँटी-पिंच, म्हणजे अडथळा लागताच काच मागे फिरवणारी सोय, फक्त ड्रायव्हरच्या काचेला असते. वर्तमानपत्राची सुरळी प्रत्येक काचेच्या वाटेत धरून पाहा. एक जरी काच मागे फिरली नाही, तरी हा पर्याय नको. तिथे उद्या पोराचा हात असू शकतो.

खरा पेच टायरप्रेशरच्या सूचनेचा. हवा कमी झालेलं चाक थोडं लहान होतं आणि जास्त वेगाने फिरतं. एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर हा फरक ओळखतात, त्यामुळे मॉड्यूलची साथ असेल तर वेगळं काही बसवावं लागत नाही. एक्स्प्रेसवेवर ही सूचना लाखमोलाची. पण कोडिंग एबीएस मॉड्यूलमध्येच करावं लागतं. ते चुकलं तर एबीएस आणि ईएससीचे (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचे) इशाऱ्याचे दिवे लागतात. नीडल स्वीप घरी करा, हे मात्र तुमच्याच मॉडेलवर आधी केलेल्या माणसाकडूनच करून घ्या. चारही टायरची हवा सारखीच कमी झाली तर ही यंत्रणा फसू शकते, म्हणून गेजने तपासणं सोडू नका.

सीटबेल्टचा बीप आणि ताशी 80 किमीनंतरची वेगसूचना बंद करून मागणारेही भेटतात. 1 जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये या दोन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत, आणि त्या जीव वाचवण्यासाठी आहेत. हे कुणाकडूनही करून घेऊ नका.

वॉरंटी चालू असेल तर थांबलेलं बरं. कोडिंग करणाऱ्या टूलचा वर्कशॉप कोड (ओळख क्रमांक) मॉड्यूलमध्ये राहतो, आणि वाद निघाला तर बाजू तुम्हाला मांडावी लागते. वॉरंटी संपली असेल तरी रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त ईएलएम डोंगलने (ईएलएम चिपवर चालणाऱ्या साध्या डोंगलने) फक्त एरर वाचा, कोडिंग करू नका. बॅटरी जुनी असेल तर चार्जर जोडून ठेवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अर्धवट लिहिलेलं राहू शकतं. आणि काहीही बदलण्याआधी मूळ कोडिंगच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. परतीची वाट तेवढीच असते.